सरकलेलं कपाट

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही आजपासून घरी ठेवायची. शाळेत ठेवलेली कुठलीही वस्तू आपली राहत नाही, हा तेहतीस वर्षांचा अनुभव आहे. ३१ ऑक्टोबरला मी निवृत्त होतोय. चार्ज देताना दप्तरातला एक कागद कमी निघाला तरी पेन्शनची फाईल अडते. अडलेल्या फाईलीमागे पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवणारे कितीतरी गुरुजी मी पाहिलेत. त्यांच्यात मला जायचं नाही. म्हणून जे दिसेल ते तारीखवार लिहीन. पुढेमागे पुराव्याला उपयोगी पडेल.

शाळेत दोन खोल्या, एकोणीस मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. मी मुख्याध्यापक, चौथी-पाचवीला शिकवतो. पहिली ते तिसरी धम्मशीला मॅडमकडे. त्या अजून शिक्षणसेवक आहेत, कायम व्हायला सात महिने बाकी आहेत. त्यांच्याच खोलीत दप्तराचं लोखंडी कपाट आहे. १९५१ पासूनची दाखल-खारीज रजिस्टरं त्यात आहेत, म्हणजे गावातला प्रत्येक माणूस कधी शाळेत आला, त्याची जन्मतारीख काय, जात काय, सगळं. हल्ली दाखल्यांसाठी या रजिस्टरांना सोन्याचा भाव आला आहे. वरच्या दाराची किल्ली माझ्या करगोट्याला असते. खालच्या दाराआड दोन कप्पे आहेत, त्या दाराचं कुलूप मोडलंय, ते मी सुतळीने बांधतो. गाठ माझी मला ओळखू येते.

आज मॅडम म्हणाल्या, बलाचा पाठ घ्यायचाय, मुलांना कपाट ढकलून पाहू द्या. मी म्हटलं, बलाची व्याख्या पुस्तकात आहे, ती पाठ करून घ्या. कपाट मी आल्यापासून अकरा वर्षं जागचं हललेलं नाही आणि ते हलवायला चार गडी लागतात. त्या "बरं सर" म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

बाई कामाला चांगल्या आहेत, मी नाकारत नाही. पण इतक्या कमी पैशात कोणी इतकं काम करायला लागलं की मला काळजी वाटते.

५ ऑगस्ट, मंगळवार

कपाटाजवळच्या भिंतीवर कोणीतरी मातीच्या रेघा ओढल्यात. बोटाएवढ्या, खालून वर, वाकड्यातिकड्या. चौथीतला गोविंदा शेजारीच उभा होता आणि त्याचे हात मळलेले होते. कान धरला आणि ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. म्हणतो कसा, "म्या नाही लावली सर. पुसली तरी रोज येते ते."

खोटं बोलायलाही काही ताळतंत्र हवं. दुपारी तालुक्याला, नांदुऱ्याला मीटिंग होती. दर मंगळवारी असते. मी निघालो की शाळा मॅडमच्या ताब्यात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमचा पाठ खिडकीतून पाहिला. मुलांनी विटेला दोरी बांधली, दोरीला रबर बांधलं आणि वीट ओढली. रबर किती ताणलं ते पट्टीने मोजून वहीत लिहिलं. आधी वाळूत ओढली, मग फरशीवर. नंतर विमलबाईंच्या चुलीजवळच्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आणून त्या आडव्या मांडल्या आणि त्यांवरून ओढली. तुराट्या गरगर फिरल्या आणि वीट आपोआप चालल्यासारखी पुढे गेली. पोरं जत्रेत आल्यासारखी ओरडली.

विमलबाई खिचडी शिजवतात. त्यांना म्हटलं, जळण काऊन देता? त्या म्हणाल्या, "शिकून राह्यले तर देऊ नाही काय?" विमलबाईंनाही फितवलेलं दिसतंय.

११ ऑगस्ट, सोमवार

आज वर्गाच्या केरात एक चिठ्ठी सापडली. अक्षर तिसरीतल्या करिष्माचं. जशीच्या तशी उतरवतो:

"कपाट भरलेलं. सगळे मिळून. हाललं नाही. खालचा कप्पा रिकामा. हाललं नाही. दोन्ही कप्पे रिकामे. थोडं. साबण. मंगळवारी."

मी दोनदा वाचली. कप्पे रिकामे! म्हणजे गेल्या मंगळवारी, मी नांदुऱ्याला असताना, खालचे दोन्ही कप्पे उघडले गेले. आणि उद्या मंगळवार आहे.

करिष्माला जवळ बोलावून गोड शब्दांत विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. वर्गात कोणी बोललं नाही. तिसरीतली पोरं एकदम गप्प बसतात तेव्हा कोणीतरी शिकवलेलं असतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

शाळा सुटल्यावर कपाटाच्या चारही पायांभोवती खडूने बारीक रेघ मारली आणि सुतळीला नेहमीपेक्षा एक वेढा जास्त दिला. लहान मुलांशी असा डाव खेळायची माझ्यावर वेळ यावी याचं वाईट वाटतं. पण गाफील राहून चालत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

कपाट जागेवर आहे, पण रेघेच्या दोन बोटं उजवीकडे. सुतळी बांधलेली आहे, पण गाठ दुसऱ्याची. खालच्या कप्प्यात हात घातला तर कडुलिंबाचा पाला आणि कापूर. कोपऱ्यात मूठभर बारीक माती, कोणाच्या तरी चपलेची पडलेली. रजिस्टरांचा क्रम बदललाय. सगळ्यात जुनं सगळ्यात वर आलंय.

पाला आणि कापूर पाहून माझ्या मनात भलतंसलतं आलं. मी अशा गोष्टी मानत नाही, पण घरी बायकोला सांगितलं. सरस्वती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "लिंबाचा पाला तर मी ज्वारीतही घालतो. त्यात करणी कायची?"

तिला दप्तरातलं काय कळतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्याच्या झेंडावंदनाच्या धांदलीत मॅडम माझ्याकडे आल्या. "सर, कपाटाबद्दल थोडं बोलायचं होतं." मी लगेच ओळखलं. माझ्या खडूच्या रेघा त्यांनी पाहिल्या असणार आणि आता काहीतरी सारवासारव करणार. मी म्हटलं, कपाट ही माझी जबाबदारी आहे, तुम्ही वर्ग सांभाळा. त्या म्हणाल्या, "पण सर, खाली..." मी हात वर केला. त्या थांबल्या आणि गेल्या.

बोलू द्यायला हवं होतं का? नाही. बोलू दिलं असतं तर त्यांनी मला गुंडाळलं असतं. माझा स्वभाव भिडस्त आहे, समोर कोणी डोळ्यांत पाणी आणलं की माझ्याच्याने होत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी कडूबा आला. हा सरस्वतीचा मावसभाऊ, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. चहा पिता पिता त्याने परत विचारलं की साठ-पासष्टचं रजिस्टर एकदा पाहायला मिळेल का, त्याच्या काकाच्या तारखेचं काहीतरी आहे. जूनपासून तिसऱ्यांदा विचारतोय. मी म्हटलं, निवृत्तीपर्यंत ते नाव काढू नकोस. तो हसला. घरचाच माणूस आहे, त्याचं काही वाटत नाही.

त्याला मॅडमचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, ते पोरगी रजिस्टर उघडून काय पाहून राह्यली असंन? तारीख नाहीतर जात. तिच्या लोकायले आता कागद लागतातच ना." माझ्या डोक्यात ते आधीच होतं, फक्त कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मी जातपात मानत नाही. मॅडमच्या डब्यातली चटणी मी खाल्लेली आहे. पण डोळे उघडे ठेवायला कोणाची हरकत नसावी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज नांदुऱ्याला गेलो नाही. मोटारसायकल काढली, वेशीपर्यंत नेली, कडूबाच्या गोठ्यात लावली आणि तिथूनच पाहत बसलो. शाळेचं पटांगण आणि मॅडमच्या खोलीचं उघडं दार तिथून स्वच्छ दिसतं.

साडेबाराला सगळ्या मुलांनी मिळून कपाट दारापर्यंत आणलं. माझा विश्वास बसेना. आधी आतले गठ्ठे बाहेर गेले, मग करिष्मा डबडं घेऊन फरशीवर काहीतरी ओतताना दिसली. पाचवीतल्या दोघांनी पहार घालून एक बाजू उचलली आणि बाकीच्यांनी खाली तुराट्या सरकवल्या. मग सहाच पोरांनी ढकललं आणि ते कपाट, जे हलवायला चार गडी लागतात, देवळातल्या रथासारखं चालत आलं. मॅडम एका बाजूला वही घेऊन उभ्या होत्या.

हे सगळं पाहताना मला मधेच बरं वाटलं, हे इथे खरं लिहितो. तेवढ्यात रजिस्टरं ओट्यावर उन्हात पसरली गेली. मॅडम गुडघे टेकून बसल्या. एक पान उलटायच्या, मोबाईलने फोटो काढायच्या, परत पान. गोविंदा केरसुणीच्या काडीने पानं अलगद सोडवत होता. गावाची सगळी नोंद त्या मोबाईलमध्ये जात होती. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

कडूबा म्हणाला, चला, रंगेहाथ पकडू. मी नाही गेलो. गेलो असतो तर त्या रडल्या असत्या, माफी मागितली असती आणि मी सोडून दिलं असतं. लेखी काम पक्कं असतं. गोठ्यातच तक्रार लिहिली: "सदर शिक्षणसेवक यांनी मुख्याध्यापकांच्या अपरोक्ष, विद्यार्थ्यांकरवी दप्तराचे कपाट हलवून, जुन्या नोंदींतील जन्मतारखा व जात यांत फेरफार करण्याच्या हेतूने..." जन्मतारखा आणि जात हे कडूबाने सुचवलं. "हेतूने" माझं.

२० ऑगस्ट, बुधवार

कडूबा स्वतः नांदुऱ्याला जाऊन पत्र देऊन आला. पोच आणली. आज छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. मॅडमनी दुपारी विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना, काल आला नाहीत म्हणे मीटिंगला. मी म्हटलं, बरी आहे. म्हणजे यांना तिथल्याही बातम्या मिळतात.

२४ ऑगस्ट, रविवार

चौकशीला कोणी यायच्या आत काय गहाळ आहे ते माझं मला माहीत असावं, म्हणून आज एकटाच शाळेत गेलो. सगळा खालचा कप्पा रिकामा करून बसलो.

सगळ्यात जुनं रजिस्टर, १९५१ ते ६८, उचललं. पुठ्ठा हातात आला आणि आतलं मांडीवर सांडलं. ती माती होती. सुरुवातीच्या पानांच्या जागी माती, तिच्यात बारीक बोगदे आणि बोगद्यांत काही पांढरे किडे अजून वळवळत होते. उधई, वाळवी. कपाटाचा तळाचा पत्रा गंजून हाताएवढा उघडा पडलाय, तिथून ती वर चढली. कपाटामागची भिंत पाहिली. मातीच्या रेघांनी झाड काढल्यासारखी भरलेली होती.

पुठ्ठ्याच्या आत मॅडमच्या अक्षरातला कागद होता. "५ ऑगस्ट, बलाचा पाठ घेताना कपाट हलवले तेव्हा उधई दिसली. १९५१-६८ : पान १ ते ३८ संपलेली. ३९ पासून फोटो काढणे सुरू. १९६९-८० : कडा खाल्लेल्या, नोंदी शाबूत. लिंबाचा पाला, कापूर, दर मंगळवारी ऊन. सरांचा चार्ज आहे, आधी जेवढे वाचेल तेवढे वाचवून मग सांगावे, नाहीतर त्यांची झोप उडेल. मुलांना गप्प राहायला सांगितले आहे. १४ ऑगस्ट, सांगायला गेले. ऐकले नाही. परत सांगणे."

मी फरशीवरच बसून राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. गेली अकरा वर्षं मी ते कपाट हलू दिलं नाही. गोविंदाने सांगितलं होतं की पुसलं तरी रोज येते.

तिथून थेट कडूबाकडे गेलो आणि म्हटलं, तक्रार मागे घ्यायची. तो म्हणाला, "पत्र साह्यबाच्या टेबलावर गेलं भाऊजी. आता मागं घ्याल तर तुम्हीच फसान. आणि मी काय म्हणतो, पोरगीवर गेलं तर जाऊ द्या ना." माझ्या मनातही तेच येऊन गेलं होतं. मला भीती वाटते आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

विस्तार अधिकारी आले. माझी तक्रार मॅडमच्या तोंडावर मोठ्याने वाचली. "जात यांत फेरफार करण्याच्या हेतूने" याला मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बाकी पूर्ण वेळ त्या फरशीकडे पाहत होत्या.

कपाट उघडलं, पंचनामा झाला. साहेबांनी मुलांना विचारलं, कपाट कोणी हलवलं. मला वाटलं गप्प बसतील. एकोणीसच्या एकोणीस हात वर. करिष्मा तर उभीच राहिली.

"आमीच हालवलं. भरलेलं होतं तं फरशी त्याले धरून ठेवे. मंग रिकामं केलं, मंग साबणाचं पाणी, मंग तुराट्या. सहा जणात गेलं."

साहेब म्हणाले, "आणि मॅडमनी ढकललं की नाही?"

"मॅडम फक्त मोजून राह्यल्या होत्या."

साहेब हसले. मग मला व्हरांड्यात नेलं. त्यांची-माझी ओळख जुनी. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमची तक्रार वीस तारखेचीच आहे, हे तुमच्या पथ्यावर पडलं. कपाट बाईंनी हलवलं, दप्तर बाईंनी उघडलं, नुकसान त्यांच्याकडून. एवढंच जबाबात लिहा. तुमचा चार्ज साफ. नाहीतर अडतीस पानांचा हिशोब तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो ऑक्टोबरात संपायचा नाही." मी विचारलं, आणि बाईंचं? ते म्हणाले, "शिक्षणसेवकाचं काय, सेवा पुढे चालू ठेवायची नाही, झालं."

मी कोरा कागद घेऊन माझ्या खोलीत बसलो. "मला याबाबत काहीही माहिती नाही" एवढं वाक्य लिहिलंसुद्धा. ते दिसायला बरं होतं. शेजारच्या खोलीत मॅडमनी पाठ पुन्हा सुरू केला होता. फळी एका विटेवर टेकवली तर गोटी कुठवर जाते, दोन विटांवर टेकवली तर कुठवर. तिची नोकरी या माझ्या कागदावर होती आणि ती पोरांना विचारत होती, आता तीन विटा ठेवल्या तर गोटी कुठं जाईल, आधी सांगा, मग सोडा.

मी वाक्य खोडलं. लिहिलं की कपाट अकरा वर्षं माझ्या हट्टाने हललं नाही. भिंतीवरच्या रेघा ५ तारखेला मी पाहिल्या आणि एका मुलाचा कान धरून पुसून घेतल्या. शिक्षिकेने सांगायचा प्रयत्न केला तो मी थांबवला. फेरफार झालेला नाही, जे दप्तर शिल्लक आहे ते तिने आणि मुलांनी वाचवलं. नुकसानीस मी एकटा जबाबदार आहे. सही केली.

साहेबांनी वाचलं आणि मान हलवली. "गुरुजी, म्हातारपणी हे काय सुचलं?" घरी येऊन सरस्वतीला सांगितलं की पेन्शनला उशीर होईल, कदाचित बराच. ती म्हणाली, कडूबाला आता चहाला बोलावत जाऊ नका. कडूबा तिच्या सख्ख्या मावशीचा मुलगा आहे.

आता मनावर काही उरलं नाही असं वाटलं. शांत झोप लागेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीची सुट्टी संपून आज शाळा भरली. मॅडम नेहमीच्या वेळेला आल्या. "नमस्कार सर" म्हणाल्या, रोज म्हणतात तसंच. मी वाट पाहत होतो की काहीतरी बोलतील. खरं सांगायचं तर आभार मानतील असं वाटत होतं.

मधल्या सुट्टीत मीच त्यांच्या खोलीत गेलो. मुलं बाहेर खिचडीला बसली होती. म्हटलं, मॅडम, जबाबात सगळं खरं लिहिलं आहे.

"वाचलं सर. साहेबांनी प्रत दिली." त्या फळ्या आवरत होत्या. मग हातातली फळी खाली ठेवली. "एक विचारू? कडूबाभाऊ जूनपासून ते रजिस्टर मागताहेत. दोनदा शाळेत माझ्यासमोर आले. मी तर कधी मागितलं नाही. मग तारखा आणि जात बदलणारी मीच असेन, असं तुमच्या मनात काऊन आलं?"

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"चूक झाली ते तुम्ही लिहून दिलं सर. मी 'काऊन' ते विचारलं."

बाहेर विमलबाईंनी मुलांना हात धुवायला हाक मारली. मॅडम थोडा वेळ थांबल्या, खरंच उत्तरासाठी थांबल्या, मग मुलांकडे गेल्या.

संध्याकाळपासून ही वही उघडून बसलो आहे. उत्तर तीन वेळा लिहिलं. पहिल्यांदा कडूबाचं नाव लिहिलं आणि खोडलं, कारण तो बोलायच्या आधीच ते माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्यांदा माझ्या संशयी स्वभावावर ढकललं, तेही खोडलं. कडूबावर कधी कुठे संशय आला मला? तिसऱ्यांदा खरं लिहिलं. पाच-सहाच शब्द होते. माझी वही, माझं घर, वाचणारं कोणी नाही, तरी ते शब्द माझ्याच्याने तसेच ठेववले नाहीत.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेसातला त्या तिथे असतील.